व्हीएलसी प्लेअर वारंवार बंद पडतो तेव्हा : पसंतीच्या नोंदी पूर्ववत करण्याचा पाठ

धारवाडचे आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. धारवाड जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने तो म्हैसूर राज्यात गेला. परंतु या परिसरातील गाणे त्याच्याही आधीपासून तबकड्यांवर उतरत होते. गंगूबाई हानगल (१९१३-२००९) यांच्या आरंभीच्या तबकड्यांवर ‘गांधारी हुबळी’ असे नाव छापलेले असे, हे जुन्या रसिकांना ठाऊक आहे. कुंदगोळचे सवाई गंधर्व, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०-१९९२) आणि बसवराज राजगुरू यांच्या गायनामुळे हुबळी-धारवाड हे जोडशहर हिंदुस्थानी संगीताच्या नकाशावर कायमचे कोरले गेले. १ नोव्हेंबर २०१४ पासून हुबळीचे अधिकृत नाव हुबळ्ळी झाले असले, तरी मराठी बोलण्यात जुनाच उच्चार रूढ असल्यामुळे या लेखात तोच ठेवला आहे.

अशा परिसरात तबकड्या, फिती आणि कॅसेटी जपून ठेवणारी घरे असावीत यात नवल नाही. कोणी रेडिओवरील मैफल कॅसेटवर उतरवून घेतलेली असते, कोणी गावच्या जत्रेतील भजन, तर कोणी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. यांपैकी पुष्कळ सामग्री आता संगणकावर घेतली जात आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. आज एक तासाची कॅसेट संपूर्ण गुणवत्तेत, म्हणजे कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रतीत, संगणकावर उतरविल्यास सुमारे ६३५ मेगाबाइटची फाइल तयार होते. अशा शेकडो फायली एका हातात मावणाऱ्या डिस्कवर राहू शकतात. ही सोय मोठी आहे, आणि तिचा धोकाही तेवढाच आहे.

धोका असा की, एखाद्या दिवशी शिक्षक वर्गात ध्वनिमुद्रण लावू जातात, प्लेअरची खिडकी क्षणभर उघडते आणि नाहीशी होते. पुन्हा उघडली तरी पुन्हा तेच. मग ‘फाइल खराब झाली’ असा निर्णय होतो आणि जागा मोकळी करण्यासाठी ती पुसली जाते. कधी संगणक दुरुस्त करणाऱ्यास बोलावले जाते. तो संपूर्ण डिस्क स्वच्छ करून सर्व काही नव्याने बसवून देतो. प्लेअर चालू लागतो. पण त्याच डिस्कवरील ध्वनिमुद्रणे गेलेली असतात. मूळ कॅसेट तोपर्यंत बुरशीने खाल्लेली असते किंवा ती कोणास तरी देऊन टाकलेली असते. पुष्कळदा दोष ध्वनिमुद्रणात नसतो आणि संगणकातही नसतो. तो काही किलोबाइटच्या एका लहानशा मजकूर-फाइलीत असतो, आणि ती बाजूला सारण्यास पाच मिनिटे पुरतात. ती कशी ओळखावी व कशी बाजूला सारावी, एवढाच या पाठाचा विषय आहे.

प्लेअरची ओळख

शाळा, वाचनालये व कार्यालये यांतून सर्वाधिक आढळणारा प्लेअर म्हणजे व्हीएलसी. रस्त्याचे काम चालू असताना ठेवतात तशा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या शंकूचे त्याचे चिन्ह बहुतेकांनी पाहिलेले असते. पॅरिसनजीकच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांच्या १९९६ मधील एका प्रकल्पातून तो जन्मास आला. २००१ साली तो मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला झाला आणि आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था त्याचे काम पाहते. त्यास मूल्य पडत नाही. जवळजवळ प्रत्येक प्रकारची ध्वनी व चित्र फाइल तो स्वतःच्या बळावर उघडतो. म्हणूनच कोणत्या घरातून कोणत्या प्रकारची फाइल येईल हे सांगता येत नाही अशा ठिकाणी तो विशेष उपयोगी पडतो. पुढील सूचना त्याच्या तिसऱ्या मालिकेतील आवृत्त्यांस अनुसरून आहेत. ही मालिका फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाली.

येथे एक गोष्ट सांगून ठेवणे अवश्य आहे. २०२२ साली काही महिने भारतातून सदर संस्थेचे संकेतस्थळ उघडत नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. त्या अवधीत अनेकांनी मिळेल तेथून प्लेअर उतरवून घेतला. आपल्या संगणकावरील प्रत कोठून आली हे ठाऊक नसेल, तर ती काढून मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरील प्रत बसविणे श्रेयस्कर. परंतु हे काम खाली दिलेल्या तपासणीनंतर करावे, आधी करू नये. त्याचे कारण पुढे येईलच.

तंबोरा, पट्टी आणि चीज

संगीताच्या गावातील उदाहरण घेतल्यास विषय चटकन ध्यानात येतो. मैफलीत तीन गोष्टी असतात : तंबोरा, त्याची लावलेली पट्टी आणि गायिली जाणारी चीज. काल एका गायकाने आपल्या आवाजासाठी लावून ठेवलेला तंबोरा आज वेगळ्या पट्टीत गाणाऱ्या गायिकेच्या हाती आला, तर सूर जुळणार नाही. अशा वेळी कोणी मिरजेस जाऊन नवा तंबोरा आणीत नाही, आणि चीज वाईट म्हणून ती सोडूनही देत नाही. तारा उतरवून पहिल्यापासून लावल्या जातात.

प्लेअर हा येथे तंबोरा आहे, ध्वनिमुद्रणाची फाइल ही चीज आहे, आणि ‘प्रेफरन्सेस’ म्हणजे पसंतीच्या नोंदी ही लावलेली पट्टी आहे. आवाज कोणत्या मार्गाने बाहेर पडावा, चित्र कोणत्या पद्धतीने दाखवावे, उपशीर्षकांचा टंक कोणता असावा, खिडकी पडद्यावर कोठे उघडावी, कोणत्या कळीने काय व्हावे, अशा शेकडो बाबी या नोंदींत असतात. प्लेअर सुरू होताना प्रथम या नोंदी वाचतो व त्याप्रमाणे स्वतःला लावून घेतो.

या तीन गोष्टी संगणकावर तीन निरनिराळ्या जागी राहतात, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. प्लेअर स्वतः कार्यक्रमांच्या सामाईक फोल्डरात असतो. ध्वनिमुद्रण आपण ठेवू तेथे असते. नोंदी मात्र संगणक वापरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या खासगी फोल्डरात, आणि तेही सहसा नजरेस न पडणाऱ्या जागी ठेवलेल्या असतात. यातून दोन निष्कर्ष निघतात. नोंदी पुसल्याने ध्वनिमुद्रणास धक्का लागत नाही, हा पहिला. दुसरा लोकांना सहसा पटत नाही : प्लेअर काढून तो पुन्हा बसविल्याने नोंदी आपोआप जात नाहीत. बसविताना जुन्या नोंदी पुसण्याच्या पर्यायावर मुद्दाम खूण केली तरच त्या जातात, आणि ही खूण आरंभी केलेली नसते. म्हणूनच ‘तीन वेळा काढला, तीन वेळा बसविला, तरी तसाच बंद पडतो’ अशी तक्रार ऐकू येते. तंबोरा नवा आणला. पट्टी तीच राहिली.

नोंदी बिघडतात कशा

नोंदी लिहिल्या जात असतानाच वीज गेल्यास फाइल अर्धवट राहू शकते. गावाकडे हे कारण ध्यानात ठेवावे. मात्र बहुतेक वेळा नोंद स्वतः शुद्ध असते, पण तिच्याभोवतीची परिस्थिती बदललेली असते. उदाहरणार्थ, चित्र उलगडण्याचे काम संगणकाच्या चित्र-पत्त्याकडे, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडे सोपविण्याची नोंद पूर्वी केलेली असते. पुढे त्या कार्डाची चालक-आज्ञावली बदलते, आणि जे काम काल होत होते ते आज करताना प्लेअर कोसळतो. किंवा ध्वनी अमुक एका बाहेरील स्पीकरकडे पाठवावा अशी नोंद असते, आणि तो स्पीकर कार्यालयाच्या दुसऱ्या खोलीत गेलेला असतो. या दुसऱ्या प्रकारात प्लेअर बंद न पडता नुसता मुका राहणे अधिक संभवते. कधी विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून ‘सर्व सेटिंग्ज दाखवा’ हा भाग उघडून त्यात हात घातलेला असतो. त्यांना रागावण्यापेक्षा हा पाठ त्यांनाच करावयास लावणे अधिक फलदायी ठरेल.

आधी दोष कोठे आहे ते ठरवावे

औषधापूर्वी निदान. त्यासाठी पुढील प्रश्न स्वतःस विचारावेत.

फाइल न उघडता नुसता प्लेअर सुरू केला तर तो टिकतो काय? रिकामा प्लेअरही बंद पडत असेल, तर ध्वनिमुद्रणाचा काहीही दोष नाही, हे तेथेच सिद्ध झाले.

रिकामा प्लेअर टिकत असेल, तर निरनिराळ्या प्रकारच्या दोन-तीन फायली लावून पाहाव्यात. सर्वच फायलींवर तो बंद पडत असेल, तर संशय नोंदींवर जातो. ध्वनीच्या फायली चालतात आणि चित्राच्या फायली चालत नाहीत असे आढळल्यास चित्र दाखविण्याविषयीच्या नोंदीवर जातो. एकाच विशिष्ट फाइलीवर बंद पडत असल्यास त्या फाइलीची प्रत दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर लावून पाहावी. तेथे ती चालली तर फाइल निर्दोष आहे.

याहून नेमकी अशी एक कसोटी आहे, आणि कार्यालयांतून ती फारशी वापरली जात नाही. संगणकावर दुसऱ्या नावाचे वापरखाते असेल तर त्यात प्रवेश करून तोच प्लेअर, तीच फाइल उघडावी. नसेल तर असे खाते तात्पुरते निर्माण करावे. नोंदी प्रत्येक खात्याच्या स्वतंत्र असल्यामुळे, दुसऱ्या खात्यात प्लेअर सुरळीत चालला तर दोष पहिल्या खात्यातील नोंदींत आहे, याविषयी जवळजवळ शंका उरत नाही. दोन्ही खात्यांत सारखाच बंद पडला, तर नोंदींच्या मागे न लागता प्लेअर, चित्र-पत्त्याची आज्ञावली किंवा डिस्क यांकडे वळावे.

निदान पूर्ण होईपर्यंत कोणतीही ध्वनिमुद्रणाची फाइल पुसू नये. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याजोगा आहे.

नोंदी पूर्ववत करण्याच्या रीती

प्लेअर काही क्षण तरी उघडा राहत असेल तर सर्वांत सोपी रीत अशी : वरच्या पट्टीतील ‘टूल्स’ या शब्दावर टिचकी मारून ‘प्रेफरन्सेस’ उघडावे. कंट्रोल व पी या कळा एकत्र दाबल्यानेही हीच खिडकी उघडते. तिच्या तळाशी डाव्या बाजूस ‘रिसेट प्रेफरन्सेस’ असे बटण असते. ते दाबल्यावर खात्री विचारली जाते. होकार द्यावा, प्लेअर बंद करावा व पुन्हा सुरू करावा. मॅक संगणकावर व्हीएलसीच्या नावाखालील यादीतून याच नावाची खिडकी उघडते, आणि तेथील बटणावर ‘रिसेट ऑल’ असे लिहिलेले असते.

प्लेअर उघडताक्षणीच बंद होत असेल तर ही रीत निरुपयोगी ठरते. विंडोजवर त्याची तजवीज प्लेअर बसवितानाच केलेली असते. स्टार्ट यादीत ‘व्हिडिओलॅन’ या नावाच्या फोल्डरात प्लेअरच्या नावाशेजारी ‘रिसेट प्रेफरन्सेस अँड कॅश फाइल्स’ असा एक दुवा असतो. तो दाबला की प्लेअरची खिडकी न उघडता नोंदी मूळ स्थितीस येतात. शिवाय प्लेअरने आपल्या अंतर्गत सुट्या भागांची करून ठेवलेली यादीही नव्याने तयार होते. जुन्या आवृत्तीवर नवी बसविल्यानंतर ही यादी व प्रत्यक्ष भाग यांचा मेळ बसत नाही, अशा प्रसंगी हा दुवा विशेष उपयोगी आहे.

वरील दोन्ही रीतींत एक उणीव आहे. जुन्या नोंदी कायमच्या जातात, आणि नेमकी कोणती नोंद दोषी होती हे कळण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून ज्यांच्या हाती थोडा वेळ आहे त्यांनी तिसरी रीत अवलंबावी, असे आम्ही सुचवितो. ही रीत पुसण्याची नसून नाव बदलण्याची आहे.

प्रथम प्लेअर पूर्णपणे बंद करावा. खिडकी दिसेनाशी झाली तरी तो आतून चालू असू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये पाहून खात्री करावी. प्लेअर बंद होताना खिडकीविषयीच्या आपल्या नोंदी पुन्हा लिहितो, यामुळे चालू प्लेअरच्या नोंदी हलविणे व्यर्थ जाते. नंतर विंडोजचे चिन्ह असलेली कळ व आर ही कळ एकत्र दाबावी. लहान चौकट उघडते. तीत टक्क्याचे चिन्ह, त्यास जोडून इंग्रजीत ‘अ‍ॅपडेटा’ हा शब्द आणि पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबावे. एरवी न दिसणारे फोल्डर उघडते. त्यात इंग्रजी व्ही, एल, सी या तीन अक्षरांच्या नावाचे फोल्डर असते. त्याचे नाव बदलून अखेरीस ‘जुने’ अशा अर्थाचा शब्द व त्या दिवसाची तारीख जोडावी. झाले. प्लेअर सुरू केल्यावर त्यास आपले फोल्डर सापडत नाही, म्हणून तो मूळ नोंदींसह नवे फोल्डर तयार करतो.

लिनक्स असलेल्या संगणकांवर, आणि शाळांतून असे संगणक पुष्कळ आहेत, घरच्या फोल्डरात ‘कॉन्फिग’ नावाचे, टिंबाने आरंभ होणारे लपलेले फोल्डर असते. कंट्रोल व एच दाबल्यास ते दिसू लागते. त्याच्या आत याच तीन अक्षरांचे फोल्डर आहे. त्याचे नाव वरीलप्रमाणेच बदलावे.

मोबाइलविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तेथे चूक झाल्यास नुकसान भरून येत नाही. अँड्रॉइड फोनवर अ‍ॅपच्या माहितीत जाऊन साठा पुसण्याच्या पर्यायाने नोंदी मूळ स्थितीस येतात. फोनच्या सामाईक जागेत ठेवलेली गाणी तशीच राहतात. आयफोनवर मात्र व्हीएलसीत घेतलेली ध्वनिमुद्रणे त्या अ‍ॅपच्याच पोटात ठेवलेली असतात. ‘अ‍ॅप काढून पुन्हा घ्या’ हा सल्ला तेथे कोणी दिल्यास तो ऐकू नये. अ‍ॅप काढले की आतील ध्वनिमुद्रणेही जातात. आधी ती संगणकावर उतरवून घ्यावीत, मगच काय ते करावे.

झाले की नाही, हे कसे कळावे

नोंदी पूर्ववत झाल्या की नाही हे ओळखण्याची सोपी खूण आहे. प्लेअर प्रथम सुरू होताना खासगीपणा व इंटरनेटवरील माहिती घेण्याविषयी संमती विचारणारी चौकट दाखवितो. ती नव्या संगणकावर पहिल्या दिवशी दिसते, नंतर नाही. आज ती पुन्हा दिसली याचा अर्थ प्लेअर स्वतःस नवा समजत आहे. चौकट दिसली आणि तरीही प्लेअर बंद पडला, तर नोंदी निर्दोष ठरल्या. नावे पुन्हा बदलून जुने फोल्डर जागेवर ठेवावे. आपले काहीही गेलेले नाही.

प्लेअर सुरळीत चालू लागला तर काही सोयी पुन्हा लावून घ्याव्या लागतील. अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी रिकामी झालेली असेल. उपशीर्षके देवनागरीत दाखविण्यासाठी कोणी टंक निवडून ठेवला असेल, तर तो पुन्हा निवडावा. विंडोजवर ‘निर्मला’ किंवा ‘मंगल’ हे टंक त्यासाठी चालतात. गाण्यांची यादी प्लेअरच्या मीडिया लायब्ररीत साठविली असेल, तर ती यादीही त्याच फोल्डरात एका स्वतंत्र फाइलीत असते. ती तेवढी जुन्या फोल्डरातून नव्यात आणता येते. या यादीत गाणी नसतात, गाणी कोठे ठेवली आहेत त्यांचे पत्ते तेवढे असतात. घाबरलेल्या मनुष्यास यादी गेली म्हणजे गाणी गेली असे वाटते, म्हणून हा खुलासा.

सर्व सोयी एकदम लावू नयेत. एक लावावी, प्लेअर बंद करून उघडावा, एखादे ध्वनिमुद्रण व एखादे चित्रमुद्रण चालवून पाहावे, मग दुसरी लावावी. ज्या सोयीनंतर प्लेअर पुन्हा कोसळेल तीच दोषी. तंबोऱ्याच्या चारही तारा एकाच वेळी पिळून कोणी सूर लावीत नाही.

जुनी फाइल वाचून पाहणे

नाव बदललेल्या जुन्या फोल्डरात ‘व्हीएलसीआरसी’ अशा पाच लहान इंग्रजी अक्षरांच्या नावाची फाइल असते. हीच मुख्य नोंदवही. ती साध्या मजकुराची आहे, त्यामुळे नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. शिक्षकांनी ती वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस अवश्य दाखवावी. यंत्राची ‘समजूत’ म्हणजे काही गूढ वस्तू नसून ओळींत लिहिलेला मजकूर आहे, हे त्यातून फार चांगले कळते.

तिची रचना अशी आहे. चौकोनी कंसात विभागाचे नाव, त्याखाली एकेक नोंद, तिचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य. शेकडो ओळींचा आरंभ हॅशच्या चिन्हाने होतो. यांपैकी काही ओळी केवळ खुलाशाच्या असतात, तर उरलेल्या ओळींतील बाबी मूळ स्थितीत असून कोणी बदललेल्या नसतात. प्लेअर अशा सर्वच ओळी सोडून देतो. विभागांची नावे वगळता ज्या ओळीच्या आरंभी हॅश नाही, ती बाब कोणी तरी बदललेली आहे. हजारो ओळींतून अशा ओळी सहसा मोजक्याच निघतात, आणि दोषी त्यांच्यातच लपलेला असतो. त्यांतही चित्र-पत्त्यावर काम सोपविण्याची, चित्र बाहेर पाठविण्याची व ध्वनी बाहेर पाठविण्याची अशा तीन प्रकारच्या ओळी आधी पाहाव्यात. चित्र-पत्त्याचा संशय पक्का झाल्यास ‘प्रेफरन्सेस’मधील ‘इनपुट-कोडेक्स’ या भागात जाऊन हार्डवेअरच्या साहाय्याने उलगडा करण्याचा पर्याय ‘डिसेबल’ करावा. संगणक थोडा अधिक तापेल, पण प्लेअर टिकेल.

फाइल वाचावी, हाताने दुरुस्त करण्याच्या मोहात मात्र नवख्याने पडू नये. एक अक्षर चुकले तरी नवा घोटाळा होतो, आणि दुरुस्तीसाठी खिडकीतील बटणे आहेतच.

दोष खरोखरच फाइलीत असेल तर

हे प्रसंग कमी, तरी येतात. फाइलीचा आकार शून्य दिसत असेल, किंवा तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचा आकार काही किलोबाइटच असेल, तर प्रत अपुरी उतरली आहे. मूळ डिस्कवरून किंवा पेन ड्राइव्हवरून ती पुन्हा घ्यावी. पेन ड्राइव्ह ‘सुरक्षित काढा’ न म्हणता खेचून काढण्याची सवय हे याचे नेहमीचे कारण.

दुसरा प्रसंग अधिक हळहळ लावणारा आहे. मोबाइलवर एखाद्या वृद्ध गायिकेचे गाणे चित्रित होत असते आणि मध्येच फोनची बॅटरी संपते. मोबाइलवरील एमपी-फोर या प्रकारच्या फाइलीत, कोणती चौकट कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका सहसा चित्रण संपताना लिहिली जाते. चित्रण अपुरे राहिले की अनुक्रमणिकाही लिहिलेली नसते. अशी फाइल कोणत्याही प्लेअरवर, कोणत्याही नोंदींनी उघडत नाही. तरीही ती पुसू नये. आतील ध्वनी व चित्र बहुधा शाबूत असतात, आणि त्याच फोनवर त्याच पद्धतीने घेतलेले दुसरे पूर्ण चित्रण नमुन्यास दिल्यास जाणकार मनुष्य अनुक्रमणिका पुन्हा रचून पुष्कळसा भाग परत मिळवू शकतो. तो नमुना म्हणून त्याच दिवशी, त्याच फोनने दोन-तीन मिनिटांचे साधे चित्रण करून अपुऱ्या फाइलीशेजारी ठेवून द्यावे. पुढे फोन बदलल्यावर नमुना मिळत नाही.

एव्हीआय या जुन्या प्रकारच्या फाइलीत अनुक्रमणिका बिघडलेली असल्यास व्हीएलसी स्वतःच ती तात्पुरती रचून घेण्याविषयी विचारतो. तेथे होकार द्यावा.

कार्यालये व शाळा यांच्यासाठी

सामाईक संगणकावर प्लेअर बंद पडल्याची नोंद ठेवताना ‘चालत नाही’ एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या खात्यात, कोणती फाइल, रिकामा प्लेअर टिकतो काय, दुसऱ्या खात्यात काय होते, ही चार उत्तरे लिहिली तर दुरुस्तीस येणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो आणि डिस्क स्वच्छ करण्याचा प्रस्ताव सहसा पुढे येत नाही. प्लेअर काही वेळ टिकत असल्यास कंट्रोल व एम दाबून उघडणाऱ्या ‘मेसेजेस’ खिडकीतील मजकूर साठवून सोबत द्यावा. डिस्क स्वच्छ करावीच लागली, तर त्यापूर्वी ध्वनिमुद्रणांचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून, तेथून दोन-चार फायली प्रत्यक्ष वाजवून पाहिल्याशिवाय परवानगी देऊ नये. नुसती नावे दिसणे पुरेसे नाही.

नाव बदललेले जुने फोल्डर महिनाभर तसेच ठेवावे. त्यास फारशी जागा लागत नाही. महिन्यात प्लेअर एकदाही कोसळला नाही आणि जुन्या नोंदींतील कोणतीही सोय आठवून शोधावी लागली नाही, तर ते पुसण्यास हरकत नाही.